सफरचंद फेकणारा अमीर

उझबेकिस्तानातल्या बुखारा शहराच्या उत्तरेला चारेक किलोमीटरवर सितोराई मोही खोसा नावाचा राजवाडा आहे. बुखाऱ्याचा शेवटचा अमीर आलिम खान याचं हे उन्हाळी घर. आवारात जनानखान्याची इमारत, तिच्यासमोर मोठा हौद आणि हौदाच्या काठाशी लाकडी मंडप. तिथं पोचलं की गाईड थांबतो आणि ठरलेली गोष्ट सांगतो. अमीर मंडपात बसायचा, खाली हौदात बायका पोहायच्या, तो वरून एक सफरचंद फेकायचा आणि ते जिच्या हाती लागेल तिला त्या रात्रीचं बोलावणं. गट हसतो. पुरुष जरा जास्त हसतात. ताश्कंद, समरकंद, बुखारा अशा सहली आता पुण्या-मुंबईहूनही निघतात, त्यामुळे या हसण्यात अलीकडे मराठी हसणंही मिसळलेलं असतं. मग फोटो, मग पुढचं दालन.

या गोष्टीला आधार काय, असं कुणी विचारत नाही आणि गाईडही आपणहून सांगत नाही. ती खरी की रचलेली, यावर वाद घालण्यात मला रस नाही. मला गंमत वाटते ती तिच्या सोयीची. ज्या बोल्शेविकांनी १९२० मध्ये अमिराला पळवून लावलं त्यांना ऐदी, बाईलवेडा अमीर सोयीचाच होता. आणि आज तिकीट काढून येणाऱ्या पाहुण्यालाही नेमका तसाच अमीर हवा आहे, फक्त आता त्याच्यावर राग धरायचा नाही, मजा घ्यायची. राजवट बदलली, अर्थव्यवस्था बदलली, सफरचंद तेच.

मध्य आशियातल्या या राजवाड्यांचं पुढं काय करायचं हा प्रश्न सध्या तिथं जोरात आहे. पैसा आला आहे, पर्यटक वाढले आहेत, रंगरंगोटी सुरू आहे. भिंती दुरुस्त झाल्याच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण दुरुस्तीबरोबर आतली जुनी, हास्यास्पद वाटणारी मांडणीही झाडून काढावी, पुतळे, पेंढा भरलेले प्राणी, पिवळे पडलेले फोटो हलवावेत आणि राजवाडा कसा ‘मूळ रूपात’ चकाचक दिसावा, हा जो सूर आहे तो मला मान्य नाही. त्या विचित्र मांडणीत गेल्या शंभर वर्षांचा इतिहास साठलेला आहे, आणि तो चकाकत्या भिंतींपेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

मुळात कोणतं ‘मूळ रूप’? सितोराई मोही खोसा हा वाडाच मुळी भेसळीचा आहे, आणि त्यातच त्याची गोडी आहे. १८६८ मध्ये रशियाकडून हरल्यावर बुखाऱ्याची अमिरात झारच्या संरक्षणाखाली गेली. आलिम खानाचं शिक्षण सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी शाळेत झालं. १९११ मध्ये प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकारानं काढलेला त्याचा रंगीत फोटो इंटरनेटवर पुष्कळांनी पाहिलेला असेल: निळाशार फुलाफुलांचा झगा, सोनेरी पट्टा, हातात तलवार आणि चेहऱ्यावर काहीसा अवघडलेला भाव. त्याच माणसानं १९१२ ते १९१८ च्या दरम्यान हा नवा वाडा बांधून घेतला. बाहेरून बघाल तर रशियातल्या एखाद्या जमीनदाराची हवेली वाटावी. दारात संगमरवरी सिंह. आत शिराल तर बुखाऱ्याची नक्षी, चिनी आणि जपानी फुलदाण्या, युरोपीय आरसे, रंगीत काचा. अमिरातीतली वीज पहिल्यांदा इथंच लागली असं सांगतात. प्रजेला छापखाना आणि नव्या पद्धतीची शाळा द्यायला कचरणारा राजा घरात मात्र दिवे लावून बसला होता.

वाड्यातलं सगळ्यात देखणं दालन म्हणजे पांढरा दिवाणखाना. आरशांवर गंचची, म्हणजे जिप्समच्या गिलाव्याची, कोरीव जाळी बसवलेली आहे, त्यामुळे पांढऱ्या नक्षीच्या फटींतून आरसा चमकतो. हे काम उस्तो (म्हणजे उस्ताद) शिरीन मुरादोव या बुखाऱ्याच्या कारागिराचं. आता त्याच कारागिराचं पुढचं आयुष्य बघा. अमीर पळाला, अमिरात बुडाली, बुखारा सोव्हिएत झालं, आणि हाच उस्तो म्हाताऱ्या वयात ताश्कंदच्या अलीशेर नवाई नाट्यगृहात गंचकाम करत होता. या नाट्यगृहाचा वास्तुकार श्चुसेव्ह, ज्यानं मॉस्कोतली लेनिनची समाधी बांधली. बांधकामावर राबले त्यांत दुसऱ्या महायुद्धातले जपानी युद्धकैदी होते. १९४८ मध्ये उस्तो शिरीनला या कामासाठी स्तालिन पारितोषिक मिळालं. एकच हात अमिराच्या दिवाणखान्यावर फिरला आणि स्तालिनच्या काळातल्या नाट्यगृहावरही. मध्य आशियाचं अख्खं विसावं शतक या एका माणसाच्या छिन्नीच्या टोकावर उभं करता येईल. पण फेरीत उस्तो शिरीनच्या वाट्याला फार तर एक वाक्य येतं, आणि सफरचंदाला पाच मिनिटं.

पुढची गोष्ट त्याहून नाट्यमय आहे. १९२० च्या ऑगस्टअखेर सेनापती फ्रुन्झेच्या हाताखालच्या बोल्शेविकांच्या लाल सैन्यानं बुखाऱ्यावर हल्ला चढवला. तोफा तर होत्याच, विमानांतूनही बॉम्ब पडले. २ सप्टेंबरला शहर पडलं. आर्क हा अमिरांचा जुना किल्ला जळाला, त्याचा बराचसा भाग आजही मोकळं मैदान आहे. अमीर पूर्वेच्या डोंगराळ भागात आणि तिथून अफगाणिस्तानात गेला आणि १९४४ मध्ये काबूलला वारला. त्याची मुलं मागं राहिली. त्यांतल्या एकानं, शाहमुरादनं, पुढे बापाला जाहीरपणे नाकारलं आणि तो सोव्हिएत सैन्यात अधिकारी झाला. आणि अमीर पळाल्यावर महिनाभरात, ऑक्टोबर १९२० मध्ये, नव्या राज्यकर्त्यांनी आपली पहिली प्रतिनिधीसभा भरवली ती कुठं? याच सितोराई मोही खोसात. बुखारा लोक-सोव्हिएत प्रजासत्ताकाची घोषणा अमिराच्याच वाड्यात झाली. त्या सरकारचा प्रमुख फैझुल्ला खोजायेव हा बुखाऱ्यातल्या एका धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा. १९३८ मध्ये मॉस्कोच्या खटल्यात बोल्शेविक नेता बुखारिन याच्याबरोबर त्यालाही दोषी ठरवून गोळी घातली गेली. तोवर, १९२७ पासून, वाड्याचं संग्रहालय झालेलं होतं. आवारात आरोग्यधामही निघालं. अमिराच्या बागेत कामगार हवापालटाला येऊ लागले.

मग मला सांगा, ‘मूळ रूप’ म्हणून यातला कुठला दिवस धरायचा? जीर्णोद्धार करणारे बहुधा १९१८ च्या आसपास घड्याळ थांबवतात. जणू अमीर आत्ताच बाहेर पडला आहे आणि संध्याकाळी परत येईल. पण अमीर त्या वाड्यात जेमतेम दोन वर्षं राहिला असेल. संग्रहालय म्हणून तो वाडा जवळजवळ शंभर वर्षं जगला आहे. शंभर वर्षांच्या वहिवाटीला पाहुणी आणि दोन वर्षांच्या मालकाला कायमचा धनी म्हणायचं, हा कुठला न्याय?

ही विचित्र मांडणी आली कुठून, तेही समजून घ्यायला हवं. सोव्हिएत काळात प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक स्थानिक परिचय संग्रहालय असे आणि त्याचा साचा ठरलेला होता. पहिला विभाग निसर्गाचा, दुसरा क्रांतीपूर्व इतिहासाचा, तिसरा समाजवादी बांधणीचा. संग्रहालयाला जागा हवी आणि गावात सगळ्यात मोठी रिकामी इमारत म्हणजे पळालेल्या राजाचा वाडा. मग दरबाराच्या शेजारच्या खोलीत पेंढा भरलेले पशुपक्षी आले, खनिजांचे तुकडे आले, कापसाच्या बोंडांचे नमुने आले. आर्कमध्ये हे घडलं. फरगाणा खोऱ्यातल्या कोकंदला खुदायार खानाच्या वाड्यातही घडलं. त्या वाड्याची कहाणी तर आणखी चमत्कारिक आहे. १८७३ च्या सुमारास तो पुरा झाला, दर्शनी भाग निळ्या-हिरव्या-पिवळ्या फरशांनी मढवलेला, शंभरावर खोल्या. १८७५ मध्ये खानाची स्वतःचीच प्रजा उठली आणि तो रशियनांच्या आश्रयाला पळाला. पुढच्याच वर्षी रशियानं खानतच बरखास्त केली. वाड्यात ऑर्थोडॉक्स चर्च भरू लागलं. मग क्रांती, मग १९२५ मध्ये संग्रहालय. आज उभ्या आहेत त्या मूळच्या थोड्याशा खोल्या. खान, पाद्री, कमिसार म्हणजे सोव्हिएत अधिकारी, आणि पेंढा भरलेली पाखरं, सगळे एकाच छताखाली राहून गेले. त्यातल्या फक्त खानाची खोली सजवायची आणि बाकीच्यांचं नाव पुसायचं, तर ती साफसफाई इतिहासाचीच होईल.

आर्कच्या मागं झिंदान आहे, अमिरांचा तुरुंग. तिथं अंधाऱ्या विहिरीसारखा खड्डा आहे आणि त्यात कैद्यांचे पुतळे बसवलेले आहेत. याच खड्ड्यात स्टॉडार्ट आणि कॉनोली या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना ठेवलं होतं आणि १८४२ मध्ये त्यांची मुंडकी उडवली. असे पुतळे कलेच्या दृष्टीनं बघवत नाहीत. दाढ्या चिकटवलेल्या कळतात, हात पाय जत्रेतल्या बाहुल्यांसारखे. काढून टाका म्हणणाऱ्यांचं मला पटू शकतं. पण ते काढल्यावर तिथं काय येणार, हे आधी सांगा. बहुतेक वेळा काहीच येत नाही. खड्डा स्वच्छ होतो, कठड्याला पॉलिश होतं, आणि क्रौर्याची जागा नुसती ‘वास्तू’ होऊन बसते.

सद्रिद्दीन ऐनी हे नाव या संदर्भात घ्यायलाच हवं. आधुनिक ताजिक साहित्याचा हा आद्य लेखक बुखाऱ्याच्या मदरशांत शिकला आणि सुधारणावाद्यांत सामील झाला. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमिराच्या माणसांनी त्याला पकडून ७५ फटके मारले आणि आर्कमधल्या कोठडीत टाकलं. जवळच्या कागानच्या रशियन इस्पितळात तो वाचला. त्याच्या सोललेल्या पाठीचा त्या वेळी काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. तारखा जुळवून बघा. त्याच वर्षी सितोराई मोही खोसाचं काम चालू होतं. एकीकडे उस्तो शिरीनच्या संस्कृतीतली सगळ्यात नाजूक जाळी, दुसरीकडे ही पाठ. पांढऱ्या दिवाणखान्यात ऐनीच्या पाठीचा फोटो टांगला तर पाहुण्यांचा मूड जाईल, हे मला कळतं. जाऊ दे की जरा. सोव्हिएत संग्रहालयवाल्यांनी हे चित्र प्रचारासाठी वापरलं असेल, पण त्यामुळे ते खोटं ठरत नाही.

याचा अर्थ जुनी मांडणी सत्य सांगत होती असा मी काढत नाही. ती एकाच बाजूचं बोलत होती आणि ज्यांनी ती उभी केली त्यांतलेच कित्येक १९३७-३८ मध्ये नाहीसे झाले, त्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. आजची मांडणी दुसऱ्या बाजूचं बोलते: आपले कारागीर, आपली परंपरा, आपलं वैभव. तीच फुलदाणी आधी उधळपट्टीचा पुरावा होती, आता अभिरुचीचा आहे. दोन्ही बाजू माणसाला एकाच भिंतीवर वाचायला मिळाल्या तर तो स्वतः विचार करेल. एक पुसून दुसरी लिहिली तर त्याच्या हाती नुसती नवी पोपटपंची येते.

आता भिंतींकडे वळू. बुखारा आणि खिवा या शहरांखाली पाण्याची पातळी वर आहे आणि ते पाणी खारं आहे. भाजलेली वीट ते शोषून घेते, पाणी उडून जातं आणि क्षार विटेत फुगतात. गिलावा पापुद्र्यांसारखा सुटतो, फरशा गळतात. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दुखणं वाढतं. म्हणून इथं डागडुजी कधीच संपत नाही आणि प्रत्येक ‘प्राचीन’ भिंत खरं तर मागच्या डागडुजीच्या वयाची असते. समरकंदच्या बीबी खानिमची मशीद तैमूरनं बांधली, १८९७ च्या भूकंपात तिचं आणखी नुकसान झालं, आणि आज जे भव्य निळे घुमट बघून आपण तैमूरला दाद देतो ते १९७० च्या दशकापासून झालेल्या पुनर्बांधणीचे आहेत. तिथल्याच रेगिस्तान नावाच्या चौकातल्या उलुगबेग मदरशाचा कललेला मिनार १९३२ मध्ये इंजिनिअरांनी सरळ केला. हे करायला नको होतं असं कोण म्हणेल? मिनार पडला असता.

जपणुकीच्या शास्त्रात यावर जुना वाद आहे. १९६४ ची व्हेनिस सनद म्हणते की जिथं अंदाज सुरू होतो तिथं पुनर्बांधणी थांबली पाहिजे आणि नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू आलं पाहिजे. यावर पूर्वेकडून आक्षेप आला की आमच्याकडे कारागिरांची परंपरा जिवंत आहे, सडलेला खांब काढून तसाच नवा बसवणं यातच आमची अस्सलता आहे. जपानमधल्या नारा इथं झालेल्या १९९४ च्या नारा दस्तऐवजानं ही बाजू बऱ्याच अंशी मान्य केली. मला स्वतःला दुसरी बाजू पटते. बुखाऱ्यात आजही उस्ते आहेत, बापाकडून मुलाकडे हुन्नर जातो, तर त्यांनी नवी जाळी का कोरू नये? जरूर कोरावी. फक्त खाली लिहावं: हे अमक्यानं तमक्या साली कोरलं. उस्तोला यात कमीपणा नाही, उलट त्याचं नाव राहील. ही पाटी लावायला ना परदेशी तज्ज्ञ लागतो ना मोठा निधी. ती लावली जात नाही, कारण ‘मूळचं’ म्हणून विकलेली वस्तू जास्त खपते.

खपाच्या मागं किती धावायचं याचं उदाहरण शहरिसब्झ. तैमूरचं हे जन्मगाव, इथं त्याच्या आक-सराय राजवाड्याच्या प्रचंड दरवाज्याचे फक्त दोन खांब उरले आहेत, तेही चाळीसेक मीटर उंच. १४०४ मध्ये स्पेनचा राजदूत क्लाविहो इथून गेला तेव्हासुद्धा वाड्याचं काम चालूच होतं. गावाचा मध्यभाग २००० साली जागतिक वारसा यादीत आला. नंतर पर्यटकांसाठी सुशोभीकरण काढलं गेलं, मधल्या जुन्या मोहल्ल्यांतली घरं पाडली आणि तिथं हिरवळी, कारंजी आणि रुंद फरसबंदी केली. २०१६ मध्ये युनेस्कोनं या स्थळाला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. राजवाडा वाचला, पण ज्या वस्तीमुळे त्याला अर्थ होता ती उठली. मराठा लष्करी स्थापत्य म्हणून आपले किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आहेत आणि आता पायथ्याशी काय काय उभारायचं याचे बेत चालू असतील. बेत करणाऱ्यांनी एकदा शहरिसब्झचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून बघावेत.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. बुखाऱ्यातल्या गाईडचं, हॉटेलवाल्याचं, सुझनी, म्हणजे भरतकामाच्या चादरी, विकणाऱ्या बाईचं पोट पर्यटकांवर आहे. दिवसभर उन्हात फिरलेला माणूस पाट्या वाचायला येत नाही, त्याला सुंदर काहीतरी बघायचं असतं. तुम्ही त्याच्यापुढे फटके, गोळ्या आणि डागडुजीची सालं मांडलीत तर तो खिव्याला निघून जाईल. मला वाटतं यात पाहुण्याला फार कमी लेखलं जातं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात लोक आवडीनं जातात ते कशासाठी? अडकित्ते, दौती, दिवे, वज्र्या, एका माणसाच्या वेडानं जमवलेल्या वस्तू. तिथं मस्तानी महालही आहे, कोथरूडचा मोडकळीला आलेला वाडा सोडवून आणून पुन्हा उभारलेला. तो इथला नाही, तिथून आणला आहे, हे उघड सांगितलं जातं आणि त्यामुळे कुणाचा हिरमोड झालेला मी पाहिलेला नाही. उलट केळकरांनी तो आणला कसा, ही गोष्ट ऐकायला लोक थांबतात. माणसाला राजापेक्षा राजाच्या वस्तू कुणी, कशा सांभाळल्या यात कमी रस नसतो. सांगणारा हवा.

आणि सितोराई मोही खोसाला तर सांगण्यासारखं इतकं आहे की सफरचंदाची गरजच पडू नये. ज्या जनानखान्यासमोर ती गोष्ट सांगतात त्याच इमारतीत आता सुझनींचं दालन आहे. सुझनी म्हणजे रेशमी दोऱ्यानं भरलेले मोठे पडदे आणि चादरी, साधारण घरांतल्या मुलीच्या रुखवतासाठी आई, मावश्या, आज्या वर्षानुवर्षं भरत. डाळिंबं, चंद्रबिंबं, वेली. ही कामं अमिराच्या बायकांची नाहीत, पण त्यांच्या भिंतींवर टांगली आहेत, आणि घाईत फिरणारा माणूस दोन्ही एकच समजतो. जनानखान्यात कोण राहत होतं, कुठल्या गावांतून त्या आल्या, १९२० मध्ये दारं उघडल्यावर कुठं गेल्या, हे शोधण्याजोगं काम आहे, कुठल्याही घुमटाच्या फरशांपेक्षा निकडीचं. उझबेकिस्तानात आज संशोधकही आहेत आणि सांस्कृतिक कामांसाठी सरकारी पैसाही. बुखाऱ्यात २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन भरवण्याइतका. त्यातला थोडा या एका दालनावर खर्च व्हावा. तोवर सुझनीखाली निदान एवढं लिहावं की ही कुणा अमिराच्या बेगमेची नाही, कुठल्या गावची आणि साधारण कधीची आहे, आणि संग्रहालयानं ती कोणत्या साली घेतली. सफरचंद सांगायचंच असेल तर गाईडनं खुशाल सांगावं, मात्र आधी ही पाटी वाचून दाखवावी.